खालून पहिली

लातूरचा जिल्हा झाला तेव्हा सगळ्यात आधी आमचे अण्णा फुगले. जिल्हा करण्यात त्यांचा हात काय, तर बातमी आली त्या दिवशी ते डाळमिलमध्ये तुरीची पोती उचलत होते, एवढाच. पण संध्याकाळी दाढी करून, धुतलेला सदरा घालून ते ओट्यावर बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "आता उस्मानाबादला जायाचं काम न्हाई. सायेब हितंच बसनार." अण्णांचं उस्मानाबादला उभ्या जन्मात एकदाच जाणं झालं होतं, तेही कुणाच्या तरी लग्नाच्या वऱ्हाडात. पण जायचं काम नाही याचा त्यांना झालेला आनंद खरा होता. मायला मात्र जिल्ह्याचं काडीचं कौतुक नव्हतं. पावसानं दगा दिलेलं ते साल. चार दिवसांनी येणारं नळाचं पाणी आठ दिवसांवर गेलं होतं, आणि टँकरमागे घागर घेऊन धावताना ती म्हणायची, "तालुक्याला व्हतो तवा निदान नळ तरी व्हता."

आमचं घर डाळमिलच्या मागच्या भिंतीला लागून होतं. दोन खोल्या, वर पत्रे. मिलची चाळणी दिवसभर धडधडायची, त्यामुळे आमच्या घरात कुणी हळू बोलायला शिकलंच नाही. मिल बंद असायची त्या दिवशी आम्ही नेहमीच्या आवाजात बोलायचो आणि शेजाऱ्यांना वाटायचं, भांडण लागलंय. टरफलांची धूळ अंथरुणावर, केसांत, पुस्तकांत सगळीकडे असायची. अण्णा मिलमधून चुनी आणायचे, म्हणजे डाळीचा तुटका चुरा, जो खरं तर म्हशींसाठी असतो. माय ती तीनदा धुऊन शिजवायची, त्यात येसराचा भाजका मसाला टाकायची आणि वर लसणाची फोडणी. आता डॉक्टर मला सांगतात, आजी, प्रोटीन कमी पडतंय. मी त्यांना काय सांगू? माझी सगळी वाढ म्हशींच्या तोंडचा घास काढून झालेली आहे. सकाळी भाकरी बांधून माय रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. तिथे तिची जोडीदारीण होती पारूबाई, आमच्याच गल्लीतली. माय तापानं फणफणली होती तेव्हा पारूबाईनं आठवडाभर आपल्या ढिगातली पाट्या भरभरून खडी मायच्या ढिगावर टाकली आणि मुकादमाला पत्ता लागू दिला नाही. या पारूबाईचा मुलगा गौतम. त्याच्याविषयी पुढे बोलायचंच आहे. इथं एवढंच सांगते की आईचा एकही गुण त्याने उचलला नव्हता.

नवा जिल्हा झाला खरा, पण कचेऱ्यांना बसायला जागा नव्हती. कोण शाळेत, कोण धर्मशाळेत. एक खातं तर आडत दुकानाच्या माडीवर थाटलं होतं. खाली करडईचा सौदा चालायचा आणि वर शासन. त्या खात्याचं नाव मी सांगणार नाही, कारण तिथले दोघंजण अजून पेन्शन घेतायत आणि माझ्यासारखाच त्यांनाही रक्तदाब आहे. या खात्यानं कारकुनाच्या पाच जागा काढल्या. चार खुल्या, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. आमच्या बौद्ध वस्तीतून त्या एका जागेसाठी किती अर्ज गेले असतील हे मी सांगत नाही, पण दाखल्याच्या नकला साक्षांकित करून देणारे मुख्याध्यापक शेवटी मागच्या दारानं शाळेत जायला लागले होते. मी गल्लीतली पहिली बी.ए. झालेली मुलगी. अण्णांच्या हिशेबी नोकरी माझ्या खिशात होती. मला खिसा नव्हता हा भाग वेगळा.

परीक्षेला टायपिंग होतं, म्हणून मी हमीद सरांच्या इन्स्टिट्यूटला जायची. सरांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या लातूरचं, आजोबा निजामाच्या कचेरीत अर्ज लिहिणारे, आणि सरांनी दौतीच्या जागी सात मशीन मांडली होती. मराठीच्या मशीनवरचा 'ळ' तुटलेला होता. आम्ही तिथे जागा सोडायचो आणि नंतर पेनानं 'ळ' काढायचो. नव्या कचेऱ्यांकडे टायपिस्ट नव्हते, म्हणून त्यांची पत्रं आणि परिपत्रकं सरांकडे यायची आणि सर ती आम्हाला सराव म्हणून द्यायचे. सरकारचं काम फुकट व्हायचं, आमचा हात बसायचा आणि सरांना चहापाण्याचं सुटायचं. असा तो नवा जिल्हा पहिलं वर्षभर आमच्या बोटांवर चालला.

माझ्या शेजारच्या मशीनवर विजया बसायची. चाकूरकडच्या पाटलाची मुलगी, लातूरला मामाकडे राहायची. तिचा पहिला आठवडा माझ्या डब्याकडे न बघण्यात गेला, दुसरा चोरून बघण्यात, आणि तिसऱ्या आठवड्यात लसणाच्या चटणीपुढे तिचा धर्म बुडाला. "लई झन्नाट हाय गं," म्हणत तिनं डबा पुसून खाल्ला. त्यानंतर आमचे डबे एकत्रच उघडायचे. भांडणही रोजचंच. ती म्हणायची, "तुला काय घोर गं, तुमची एक जागा ठिवलेलीच हाय." मी म्हणायची, "ठिवलेली हाय तर दे की आणून, फडताळात हाय का? आमच्या समद्या गल्लीत मिळून एक हाय ती." ती म्हणायची, "मार्क कमी पडले तरी घेत्यात तुमाला." मी म्हणायची, "पडू तर दे मला कमी, मग बोल." मग सर पलीकडून ओरडायचे, "ये छोकरियां, रिझर्वेशन बाद में, पहले मशीन चलाव." आज टीव्हीवर कोट घातलेली माणसं याच विषयावर घसा फोडून बोलतात. आम्ही दोघींनी त्यातला प्रत्येक मुद्दा वांग्याच्या भाजीबरोबर संपवलेला होता.

आता गौतम. बी.कॉम., जयंतीला भाषण ठोकणारा, केसांना भरपूर तेल. तो मला बघायला आला होता. पोह्यांची बशी हातात घेऊन त्यानं विचारलं, "टायपिंगचा स्पीड किती?" मी म्हटलं, "चाळीस. तुमचा?" त्याचा तीस होता. चौथ्या दिवशी निरोप आला, मुलगी सावळी आहे. हा माणूस कोळशाच्या वखारीत उभा राहिला असता तर नुसता सदरा दिसला असता! पारूबाई मात्र दुसऱ्या दिवशी खडीवर मायचे पाय धरायला निघाली होती. माय म्हणाली, "जाऊ दे पारू, माज्या पोरीला त्यो झेपला नसता."

निकालाची यादी माडीच्या जिन्यात भिंतीवर चिकटवली होती. आमच्या गल्लीतली सगळी पोरं धावत गेली, मीही गेले, आणि आम्ही सगळ्यांनी एकच गोष्ट केली. यादीच्या तळाशी बोट ठेवलं. आमच्या लोकांना तशी सवयच होती. शाळेत, कॉलेजात, स्कॉलरशिपच्या यादीत आमची नावं खालच्या चौकोनात असायची, म्हणून वरचा भाग आम्ही वाचतच नव्हतो. खालच्या चौकोनात एकच नाव होतं, माझं. त्याखाली प्रतीक्षा यादीत पहिला गौतम. मी ओरडले. वरून दुसरी किंकाळी आली, ती विजयाची. खुल्या चौघांत ती शेवटची होती. जिन्यातच आम्ही एकमेकींना मिठी मारली, आणि खालून आडत्या ओरडला, "पोरीनो, जिना लाकडी हाय!"

त्या संध्याकाळी पारूबाई गुळाचा खडा घेऊन आली. मुलगा नापास झाल्यागत घरात बसलेला, आणि ही बाई माझ्या तोंडात गूळ घालून म्हणाली, "बाय, आता तुज्या मायला खडी फोडू दिऊ नको." ती गेली आणि तासाभरात गौतम आला. दारातूनच त्याचं भाषण सुरू झालं. "एक जागा व्हती, ती पोरीनं खाल्ली. हिचं काय, उद्या लगीन हुईल, दुसऱ्याच्या घरला जाईल. माज्या घरात सात तोंडं हायत!" अण्णा त्याला चहा घे म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी इन्स्टिट्यूटमध्ये गेले तर मागच्या बाकावरची दोन पोरं आपसांत बोलत होती, "हिचं काय, कोट्यातून आली." म्हणजे गल्लीच्या मते मी गौतमची जागा खाल्ली होती आणि टायपिंगवाल्यांच्या मते कुणा गुणवंताची. एवढं खाऊनही माझं वजन चाळीस किलोच होतं.

हमीद सरांनी यादीची नक्कल मागितली. मी उतरवून आणली होती, आकडे एकमेकांशी ताडून बघायचं मात्र सुचलं नव्हतं. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाशी नेला आणि आमच्यासारखा तळाला बोट न ठेवता पहिल्या ओळीपासून वाचत आले. खुल्यातला पहिला शहात्तर. मग त्र्याहत्तर, सत्तर, विजया अडुसष्ट. मग माझ्या नावाशी थांबले. एक्क्याऐंशी.

"अगे सुमन, तू तो सबसे अव्वल हाय. फिर नीचे कायकू बैठी?"

मी म्हटलं, "सर, दाखला जोडलाय ना."

"दाखला जोड्या तो मार्क कम हुए क्या?" सरांनी कपाटातून एक कागद काढला आणि माझ्यापुढे टाकला. सरकारी परिपत्रक. राखीव वर्गातला उमेदवार गुणांवर खुल्या यादीत येत असेल तर त्याला खुल्या जागेवर घ्यावं, राखीव जागा पुढच्याला मिळावी. सगळे 'ळ' पेनानं काढलेले, आणि अक्षर माझं! दोन महिन्यांपूर्वी सरावाला मीच ते टाइप केलं होतं, एकही चूक नाही म्हणून सरांनी शाबासकीही दिली होती. टाइप करताना मी फक्त अक्षरं बघितली होती.

"तू ऊपर गई तो वो गौतम अंदर आता," सर म्हणाले, "और ऊपर का आखरीवाला..." आणि ते थांबले. शेजारचं मशीन आधीच थांबलं होतं. विजया कागदाकडे बघत बसली होती. थोड्या वेळानं तिनं पुन्हा टाइप करायला सुरुवात केली, पण मला ऐकू येत होतं, ती एकच अक्षर बडवत होती.

घरी जाताना ती माझ्याबरोबर आली. डाळमिलच्या वळणावर थांबून म्हणाली, "मामानं सांगून ठिवलंय. नोकरी लागली तर ठीक, न्हाईतर उदगीरचं स्थळ. बिजवर हाय त्यो. दोन लेकरं हायत त्याला." मग ती माझ्याकडे वळली. "सुमन, तुजी नोकरी पक्की हाय, माजी बी पक्की हाय. दोघी एका खोलीत बसू. त्यो गौतम तुला सावळी म्हनला व्हता. त्याच्यासाठी तू मला उठवायलीस?" मी म्हटलं, "मी कुटं काय करायले? अजून कायबी केलं न्हाई." ती म्हणाली, "तुजं तोंड सांगायलंय की तू करनार." माझं तोंड तिनं वर्षभर शेजारून बघितलं होतं, तिला कळणारच.

त्या दोन दिवसांत मी काय विचार केला ते सरळ लिहिते, या वयात खोटं कशाला. गौतमचं भलं व्हावं असं मला मुळीच वाटत नव्हतं. विजया माझी मैत्रीण होती आणि मला तिच्याशेजारी बसायचं होतं. पण मला राग आला होता. पहिली येऊन पाचवी बसवलेली असल्याचा राग, आणि त्याहून जास्त, ते मला कळलंही नव्हतं याचा. मायला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "पयली आलीस ना? मग पयली बस. बाकीचं त्या सायबानं निस्तरावं." मी म्हटलं, विजयाचं काय? भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "त्या पोरीचं लई वाईट हुईल. पर पारूच्या पोराची जागा तिला द्यायला तू कोन? ती तुजी हाय का?" मग तिला एकदम संताप आला. "आन यवडा मोठा जिल्हा केला म्हनं, पाटीवर पाटी लावली म्हनं, आन खुर्च्या पाचच कामून?" या प्रश्नाचं उत्तर मी नोकरीत असताना पुष्कळ वरिष्ठांना विचारून पाहिलं. मायइतक्या रागानं तो कुणाला पडलेलाच नव्हता.

हेडक्लार्क जिन्याच्या तोंडाशीच बसायचे. सफारी, तंबाखू, मागे कपाटात अर्जांचे गठ्ठे. पांढऱ्या फितीचे आणि लाल फितीचे. मी परिपत्रक पुढे ठेवलं. ते न बघताच म्हणाले, "बाई, तुजा अर्ज लाल फितीत हाय. दाखला दिसला की आमी अर्ज लाल फितीत बांदतो. मार्क मागून येत्यात. लाल फितीचा अर्ज पांढऱ्यात कसा जाईल?"

"फीत सोडून," मी म्हणाले.

त्यांनी प्रथमच माझ्याकडे बघितलं. मग आवाज मऊ केला. "हे बग, तुला नोकरी लागली न्हवं? कंच्या दारानं का आसंना, आत आलीस. आता लई खाजवू नको. यादी एकदा वर गेली की समदीच रद्द हुती. फेरपरीक्षा. मग तू बी घरी आन ती पाटलाची बी घरी."

तेव्हा मला खरी भीती वाटली. अण्णा मिलमध्ये सगळ्यांना पेढे देऊन बसले होते. मायनं कामावर मुकादमाला सांगून टाकलं होतं की पुढच्या महिन्यापासून येत नाही. मी तिथेच बाकावर बसून पाणी प्यायले. हेडक्लार्कांना वाटलं, झालं काम. ग्लास ठेवून मी अर्ज काढला, पोच मागितली आणि म्हणाले, "याची मूळ प्रत तुमच्याच कपाटात आहे, मीच टाइप केलीय. सापडली नाही तर 'ळ' बघा." आतल्या खोलीतून साहेब हसल्याचा आवाज आला. पोच मिळाली.

पुढचे आठ दिवस आमच्या घरात मिल चालू असूनही शांतता होती. अण्णा माझ्याशी बोलत नव्हते. भाकरी मोडायचे, अर्धी ठेवायचे आणि ओट्यावर जाऊन बसायचे. "शिकल्याली लेक," एवढंच एकदा भिंतीकडे बघून म्हणाले. नवव्या दिवशी नवी यादी लागली. या वेळी मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. माझं नाव होतं. अण्णांनी ते तीनदा वाचून घेतलं आणि मग सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असे रडले. राखीव जागेवर गौतम होता. विजया खुल्या प्रतीक्षा यादीत पहिली. सगळं अगदी नियमानं झालं होतं.

गौतम पेढे घेऊन आला. "बगितलंस? मी सायबाला निवेदन दिलं व्हतं. लढल्याबिगर कायबी मिळत न्हाई." त्याचं निवेदन मी नंतर फायलीत बघितलं. त्यात मला काढून त्याला घ्यावं अशी मागणी होती. मी पेढा खाल्ला. पुढे वर्षानुवर्षं तो माझ्या समोरच्या टेबलावर बसला, आणि काम बरं करायचा हेही कबूल करते. पारूबाईनं पहिल्या पगाराच्या दिवशी खडीची हातोडी नाल्यात फेकली.

प्रतीक्षा यादीतल्या कुणाची पाळी आली नाही. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी मी विजयाच्या मामाकडे गेले. हमीद सरांकडून दुसऱ्या एका खात्याच्या भरतीचा फॉर्म घेतला होता, तो टाइप करून, नाव-गाव भरून, फक्त सहीची जागा मोकळी ठेवून नेला. दारात चपला होत्या, आत बायकांचा आवाज, कुणीतरी डाळ वाटत होतं. उदगीरचे लोक बोलणी करून गेले होते. विजया उंबऱ्यापर्यंत आली. तिच्या हातांना हळद नव्हती अजून, पीठ होतं.

ती माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "तुजं बरोबर हाय सुमन. मी परिपत्रक वाचलं. धा डाव वाचलं. तुजंच बरोबर हाय." मला वाटलं, ती आता आत ये म्हणेल. मी एक पाऊल टाकलंही. तेव्हा ती म्हणाली, "पर मला तुजं तोंड बगू वाटंना."

मी फॉर्म पुढे केला. तिनं तो पिठाच्या हातानं घेतला, घडी केली आणि दार लोटून घेतलं. तिनं सही केली की चुलीत घातला, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. उदगीरला त्यानंतर मी पुष्कळ वेळा गेले, सरकारी कामानं, सरकारी जीपनं. तिचा पत्ता काढणं मला अवघड नव्हतं. प्रत्येक वेळी काम लवकर उरकलं आणि मी ड्रायव्हरला म्हणाले, चला, परत लातूर.

नोकरीभर लोक मला विचारायचे, "मॅडम, तुम्ही राखीव की खुल्या?" खुल्या म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर लगेच आदर यायचा. बसायला खुर्ची पुढे करायचे. मी बसायची.